पाच टक्के काळं

चाळिसाव्या दिवसाची पत्रकं
पोस्टाशेजारच्या दुकानातून आणली होती, ल्युबेन.
वीस प्रती. पानाला वीस स्तोतिंका,
फोटो आहे म्हणून वर दहा.
जणू तुझा चेहरा
म्हणजे पानावरचं जास्तीचं सामान.

आपल्या फाटकावर लावलं, बेकरीच्या दारावर,
आणि बंदराच्या कचेरीसमोरच्या चेस्टनटवर,
जिथे तीस वर्षं
आल्यागेल्या मालाचं वजन तू वहीत उतरवलंस.
तिसऱ्या दिवशी डॅन्यूबवरून धुकं आलं, मग पाऊस.
झाडावरचा तू आधी जांभळा झालास,
मग तुझा टाय ओघळत ओघळत
तारखांमध्ये उतरला.
जन्म आणि मृत्यू यांच्यामधली बारीक रेघ
तेवढी शाबूत राहिली.

सहा महिन्यांचं घरीच छापायचं, असं ठरवून
यासेनच्या दुकानात गेले.
त्याने दाखवला नव्वद लेव्हांचा,
साबणाच्या डबीसारखा गोंडस.
आणि शाई?
खाली बघत म्हणाला, बेचाळीस.
सोबत येते ती अर्धीच भरलेली.
कोंबडी स्वस्त, मसाला महाग!
हे तू बोललास, मी नाही.
दुकानात हल्ली माझ्या तोंडून तूच घासाघीस करतोस.

मग टाकीवाला. चार बाटल्या, हजारो पानं.
फक्त रोज थोडं छापत जा, आजी,
नाहीतर शाई सुकते,
आणि साफसफाईतच तो निम्मी पिऊन टाकतो.
रोज?
रोज छापायला माझ्याकडे इतकी माणसं नाहीत, पोरा.
वर्षातून दोनदा. एकच माणूस.

कोपऱ्यात होता नगरपालिकेतून निवृत्त झालेला लेझर,
काळा-पांढरा, ट्रंकेसारखा जड. एकशे दहा.
ह्यात शाईच नाही, म्हणाला, भुकटी असते.
सहा महिने झोपू द्या, उठून छापेल.
आणि पावसात?
यासेनने एक छापील पान नळाखाली धरलं.
अक्षर जागचं हललं नाही.
मी पाकीट उघडलं.

रात्री तुझ्याच जुन्या वहीच्या पाठीवर हिशेब मांडला.
टोनर नव्वद, पानं पंधराशे: पानामागे सहा स्तोतिंका.
वर्षाला चाळीस पानं,
म्हणजे साडेसदतीस वर्षांची बेगमी.
मी एकाहत्तरची. हसू आलं.
मग खोक्यावरची बारीक अक्षरं भिंगाखाली घेतली:
पाच टक्के काळं असलेल्या पानासाठी.
ल्युबेन, तुझा तो कोट,
तुझ्या मिशा, मागचा तो मखमली पडदा,
तू काही केल्या तीस टक्क्यांच्या खाली येत नाहीस.
सहा सक छत्तीस.
दुकानापेक्षा सहा स्तोतिंका जास्त!
आयुष्यभर मला उधळी म्हणालास,
आणि आता बघ, महाग कोण पडतंय.

काटकसरीचं बटण दाबून पाहिलं.
मिशा गेल्या. कोट धुरकटला.
डोळे राहिले, पण ते
खिडकीबाहेरून आत बघणाऱ्याचे.
ते पान मी चुलीत घातलं नाही,
फडताळात उलटं ठेवलं.

अल्बमात शोधत बसले, कमी शाईचा तू.
सापडलास शेवटी तराफ्यावर, एकोणऐंशीचा उन्हाळा,
अंगात पांढरा शर्ट, केस उन्हाने पिवळट झालेले,
ओठांवर अजून काही उगवलेलं नाही,
आणि मागे नुसतं आकाश.
आकाशाला शाई लागत नाही.
आठ टक्के, धरून चाल. दहा स्तोतिंकांच्या आत.

सकाळी वीस प्रती गरम गरम निघाल्या,
वर्तमानपत्रासारखा वास.
चेस्टनटला चार टाचण्या मारल्या.
दुपारी पावसाची सर येऊन गेली, तू जागेवर.

संध्याकाळी पावलिना फाटकाशी थांबली,
चष्मा कपाळावरून खाली ओढला,
नाव न वाचताच म्हणाली,
अगं बाई, कोणाचा गं हा पोरगा गेला?

मी लगेच उत्तर दिलं नाही.